विश्लेषण : वर्गणी शाळेची, दुकान पालकाचे! हितसंबंधांचा पेच कुठे सुरू होतो?

शाळेच्या भिंती रंगवायच्या असतात, एलईडी टीव्ही घ्यायचा असतो, स्नेहसंमेलनासाठी मंडप घालायचा असतो. अनुदान पुरत नाही, मग गावात लोकवर्गणी फिरते. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजापासून संग्रामपूरपर्यंत कोणत्याही तालुक्यात हे नवे नाही. वर्गणीसाठी पुढाकार घेणाऱ्या पालकांमध्ये गावातले व्यापारीही असतात. कुणाचे हार्डवेअरचे दुकान, कुणाचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय, कुणाचा छापखाना. जमलेल्या पैशांतून खरेदीही त्यांच्याकडूनच झाली, तर त्याला मदत म्हणायचे की धंदा? याबाबत कायदा काय सांगतो आणि कुठे गप्प आहे?

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे नेमके काय?

खरेदीचा निर्णय घेणारा आणि त्या खरेदीतून कमावणारा एकच असेल, तर तो हितसंबंधांचा संघर्ष. यात गैरव्यवहार झालाच, असे नाही. समजा, एका शाळेसाठी गावाने ८० हजार रुपये जमवले. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः ५ हजार दिले. रंग, पुट्टी आणि पत्रे त्यांच्याच दुकानातून ६० हजारांना आले. तोच माल दुसरीकडे ५२ हजारांना मिळत असेल, तर अध्यक्षांची देणगी परत त्यांच्याकडे गेली आणि वर ३ हजार सुटले. उलट बाजारात ६८ हजारांचा माल त्यांनी ६० हजारांना दिला असेल, तर शाळेचे ८ हजार वाचले. दुसरे दरपत्रक मागवलेच नसेल, तर यातले काय खरे हे गावाला कळत नाही. प्रामाणिक दुकानदारालाही आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही.

पैसा कोणत्या मार्गाने येतो?

लोकवर्गणी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, आनंद मेळाव्यातील विक्री, स्मरणिकेच्या जाहिराती हे नेहमीचे मार्ग. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर डिजिटल वर्गांसाठी राज्यभर लोकसहभागाची लाट आली. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेने शाळा सजवण्याची चुरस वाढवली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विद्यांजली २.०’ पोर्टल सुरू करून शाळांना वस्तू व सेवा देण्याचा ऑनलाइन मार्ग खुला केला.

अनुदानाच्या पैशातही हाच प्रश्न आहे. समग्र शिक्षा योजनेत मोफत गणवेशाच्या दोन संचांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये धरले जातात. ‘एक राज्य एक गणवेश’ धोरण मागे घेऊन राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. १०० मुलांच्या शाळेत ही रक्कम ६० हजार होते. समितीतील एखाद्या पालकाचे कापडाचे दुकान किंवा शिलाईचा व्यवसाय असेल, तर पेच तोच.

हिशेबाची जबाबदारी कुणाची?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांमध्ये व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असले पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. राज्यात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, तर मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात.

शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम आहे. म्हणजे लोकवर्गणीचा हिशेबही समितीसमोर यायला हवा. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार समितीने महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यावी, इतिवृत्त लोकांना पाहण्यास खुले ठेवावे, पैसे स्वतंत्र खात्यात ठेवावेत आणि ते खाते दरवर्षी लेखापरीक्षणासाठी उपलब्ध करावे.

ग्रामपंचायत सदस्याला बंदी, मग समिती सदस्याला?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्यांच्या अपात्रतेची कारणे दिली आहेत. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणे हे त्यातील एक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये अशी अट नाही. एकाच गावातला दुकानदार ग्रामपंचायत सदस्य असेल, तर पंचायतीला सिमेंट पुरवल्याने त्याचे पद जाऊ शकते. तोच शाळा समितीत असेल आणि शाळेला सिमेंट पुरवले, तर या कलमात त्यासाठी कुठलीच अपात्रता नाही.

उधारीचे काय?

कागदावर देखरेखीचा अधिकार पालकांकडे आहे, पण गावातली नाती वेगळी असतात. समितीतील मजूर आई ज्या दुकानातून किराणा उधार आणते, त्याच दुकानाचे बिल तिच्यापुढे मंजुरीला आले, तर ती ‘दर जास्त आहे’ असे म्हणेल का? ज्याच्या शेतात कामाला जायचे, त्यालाच हिशेब विचारायचा का? अशा वेळी इतिवृत्तावर सही होते, प्रश्न मात्र बैठकीत विचारला जात नाही. नंतर पारावर कुजबुज सुरू होते आणि पुढच्या वर्षी लोक वर्गणी द्यायला कचरतात. नुकसान मुलांचे होते.

खासगी शाळांमध्ये नियम वेगळे आहेत का?

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार खासगी शाळांमध्ये पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. इच्छुक पालकांमधून सोडत काढून सदस्य निवडले जातात, त्यामुळे ठरावीक पालकांचा गट बसवणे अवघड होते. कॅपिटेशन फीवर मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने सर्वच शाळांना बंदी घातली आहे. अधिसूचित शुल्काखेरीज घेतलेली देणगी किंवा वर्गणी त्या व्याख्येत येते. ‘वर्गणी भरा, मगच प्रवेश’ असे सांगणाऱ्या शाळेला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशात काय घडले?

अमेरिकेत पालकांच्या ‘बूस्टर क्लब’ना करसवलत मिळते. व्हर्जिनियातील ‘कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब’ हा खेळाडूंच्या पालकांचा क्लब होता. ज्या पालकाने जितका निधी मिळवून दिला, त्या प्रमाणात त्याच्याच मुलाच्या खर्चातून रक्कम वजा केली जात असे. हा खासगी लाभ ठरवत तेथील कर न्यायालयाने २०१३ मध्ये क्लबची सवलत रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. सर्वांच्या नावाने जमवलेला पैसा जमवणाऱ्याच्याच घरी परतू नये, हे सूत्र तिथेही तेच.

मार्ग काय?

खेड्यात अनेकदा हार्डवेअरचे दुकान एकच असते आणि ते पालकाचेच असते. ‘पालकाकडून घेऊच नका’ हा नियम तिथे टिकणार नाही. तीन साध्या सवयी मात्र कोणतीही समिती आजपासून लावून घेऊ शकते.

पहिली, आधी सांगणे. दुकान आपले, भावाचे किंवा भागीदाराचे आहे, हे सदस्याने बैठकीतच जाहीर करावे. दुसरी, बाजूला होणे. त्या खरेदीची चर्चा आणि मंजुरी सुरू असताना संबंधित सदस्याने बैठकीबाहेर थांबावे. तिसरी, लिहून ठेवणे. किमान तीन दरपत्रके, निवडीचे कारण आणि कोण बाहेर थांबले याची नोंद इतिवृत्तात असावी. गावात दुसरे दुकान नसेल, तर खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या बाजारातून दर मागवता येतात. देणगी आणि विक्रीच्या पावत्याही वेगवेगळ्या हव्यात. दुकानदाराने सवलत दिली असेल, तर ती बिलावर दिसली पाहिजे.

शंका आल्यास पालकांनी काय करावे?

• आधी मुख्याध्यापकांकडे इतिवृत्त, पावती पुस्तक आणि बिले पाहायला मागावीत.

• जिल्हा परिषद शाळेची कागदपत्रे मिळाली नाहीत, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

• केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, बुलढाणा या क्रमाने दाद मागता येते.

• मुलांच्या हक्काशी संबंधित लेखी तक्रारीवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय घ्यायचा असतो.

जमा-खर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लावला, तर यातील बरीचशी धावपळ वाचेल. कोणी किती दिले, माल कुठून आला, दर काय होता आणि दुकान कुणाचे, एवढे त्यावर असले तरी पुरे. उधारीच्या वहीत नाव असलेल्या आईला मग बैठकीत एकटीने प्रश्न विचारावा लागणार नाही.