मेंढरांच्या वाटेवरील शाळा

दिवाळी सरली की माण, फलटण, सांगोला या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील मेंढपाळ धनगरांचे वाडे घर सोडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी नदीकाठच्या बागायतीत. मृगाचा पाऊस पडला की परत. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते तेही नेमके दिवाळीनंतरच! हे वेळापत्रक आखताना मेंढपाळांचा विचार झाला नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

वाड्यावरची श्रमविभागणी काटेकोर आहे. पुरुष आणि कळती मुले दिवसभर मेंढरांमागे हिंडतात. बायका व मुली घोड्यांवर संसार लादून पुढचा मुक्काम गाठतात, वाघर लावतात, चूल मांडतात, पाणी आणतात, मागे राहिलेली कोकरे सांभाळतात. शेतात मेंढरे बसविल्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य वा पैसा मिळतो, तो या साऱ्यांच्या श्रमाचा. त्यातून एक मुलगा शाळेसाठी गावी आजीजवळ ठेवला, तर त्याचे काम नाहीसे होत नाही. ऐपत असेल तर गडी ठेवला जातो. नसेल तर आई किंवा बहीण काठी घेऊन कळपामागे निघते, आणि चूल-पाणी तिला चुकत नाहीच. शिक्षण मोफत झाले. त्याचा संधी-खर्च मात्र घरातील स्त्री भरते.

मुलगी गावी राहिली तरी तिची सुटका नसते. वृद्धांचा स्वयंपाक उरकून ती वर्गात बसते, परतल्यावर धाकट्या भावंडांचे पाहते. त्याच घरात भाऊ तेवढा ‘अभ्यास करणारा’ ठरतो. शाळेने मुलाला राखणीतून सोडविले. मुलीच्या कामांत आणखी एकाची भर घातली. तथापि दहावीपर्यंत पोचलेली मुलगी वाड्यावर द्यावयास आईबाप अनेकदा कचरतात, हा बदलही लहान नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. परंतु चार दिवसांत मुक्काम हलविणाऱ्या वाड्याने कोणत्या शाळेत नाव घालावे? शिवाय हा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. मुलगा पुरता राखणदार आणि मुलगी लग्नाची समजली जाते ती त्याच सुमारास. बालकामगार कायद्यातील २०१६ ची दुरुस्ती शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा देते. मेंढरांच्या दिवसात ‘शाळेनंतरची वेळ’ कोणती, हे मसुदा करणाऱ्यांनीच सांगावे.

तालुक्याच्या गावी मुलींची वसतिगृहे वाढली पाहिजेत, आणि ती पहिल्या पावसापर्यंत उघडी राहिली पाहिजेत. मे महिन्यात वसतिगृहाला कुलूप लागते, तेव्हा वाडा अजून परमुलखातच असतो.