शाखा मिळाली, आता पुढे?

रायपूरची एनआयटी १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय म्हणून सुरू झाली. एनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना आणि उरलेल्या बाहेरच्यांना मिळतात, त्यामुळे जशपूर, दंतेवाडा, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणांहून आलेली मुलं एकाच वर्गात बसतात. अनेकांची शाखा आवडीपेक्षा रँकने ठरलेली असते आणि पहिल्या सत्रातली घुसमट बहुधा तिथूनच सुरू होते. अशा महाविद्यालयात करिअरसाठी गट-समुपदेशन सुरू करायचं, तर ते कसं चालवावं?

सभागृहात दोनशे मुलांपुढे दिलेलं मार्गदर्शनपर भाषण म्हणजे समुपदेशन नव्हे. गट आठ-दहा जणांचाच हवा. खुर्च्या गोलात मांडाव्यात, आठवड्यातून एकदा दीडेक तास भेटावं, आणि सहा-सात बैठका तीच माणसं असावीत. त्याआधी समुपदेशक प्रत्येकाशी एकट्याने बोलतो. एखाद्याची झोप-भूक उडालेली असेल, जगणंच नकोसं झालं असेल, तर त्याला गटात न बसवता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट पक्की होते: इथलं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही. याला अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका असेल तर; तोही समुपदेशकाने तिथेच स्पष्ट सांगायचा. भाषेची सक्ती नको. इंग्रजीच्या धास्तीने वर्गात गप्प राहणारा मुलगा हिंदी-छत्तीसगढीत मोकळा होतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या बैठकांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क सॅव्हिकस यांची मांडणी उपयोगी पडते. बदलत्या करिअरशी जुळवून घ्यायला त्यांनी चार क्षमता सांगितल्या: भविष्याची काळजी वाहणं, निर्णय स्वतःच्या हाती घेणं, कुतूहल आणि आत्मविश्वास. यातल्या कुतूहलाला मी सर्वांत जास्त वेळ देईन. समजा, एखादी मुलगी म्हणाली, ‘मला मायनिंग मिळालं, पण मुलींना खाणीत घेतात कुठे?’ समुपदेशकाने लगेच उत्तर देऊ नये. गटातल्या दोघांनी शोधून यावं. २०१९ पासून काही अटींवर स्त्रियांना भूमिगत खाणीतही तांत्रिक, देखरेखीची आणि व्यवस्थापकीय कामं करता येतात, हे ते पुढच्या बैठकीत सांगतील. मग कोरब्याच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थिनीशी बोलायचं का, की आधी शाखाबदलाचे नियम कार्यालयात विचारायचे, हे त्या मुलीने ठरवायचं. शोध गटाचा, निर्णय तिचा.

हे सगळं एकेकट्याला समजावून का सांगू नये? कारण ‘मलाच जमत नाही’ ही समजूत समुपदेशकाच्या धीराने क्वचितच सुटते. शेजारी बसलेला बोर्डातला पहिला मुलगा जेव्हा सांगतो की गणिताच्या पहिल्या परीक्षेत तोही नापास झाला, तेव्हा ती सैल होते. गट-उपचारांवर मूलभूत लेखन करणारे अर्विन यालोम यांनी, आपण एकटे नाही या जाणिवेला गटाच्या परिणामकारक घटकांत गणलं आहे. म्हणून अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायला शिकलं पाहिजे. दुसरं कुणी बोलेपर्यंतची ती शांतता त्याने भरून काढू नये.

शेवटच्या बैठकीत प्रत्येक जण महिन्याभरात करायची एकच छोटी गोष्ट लिहितो: सीनियरला भेटणं, ग्रंथालयात एक विषय चाळणं, घरी फोन करून खरं काय ते सांगणं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला गट पुन्हा भेटतो आणि ते कागद उघडतो. ज्याचं काहीच झालेलं नसेल, त्याच्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवायची. मधल्या काळात रात्री-अपरात्री असह्य वाटलं तर हाताशी असावा म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी नोंदवून घ्यावा.