वयाचा हिशेब आणि दुहेरी माप

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले, त्यास आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीची गाठ जख्ख म्हाताऱ्याशी बांधू पाहणाऱ्या बापाला त्या नाटकाने चव्हाट्यावर आणले. परंतु त्यातून समाजाने घेतलेला धडा एवढाच की, वयातील अंतर फार असू नये. नवरा मोठा आणि बायको लहान, ही मूळ चौकट मात्र शाबूत राहिली.

या चौकटीला उलट बाजूने धक्का देणारी एक अमेरिकन कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. रॉबिन ली यांच्या ‘द आयडिया ऑफ यू’ची नायिका एकोणचाळीस वर्षांची, घटस्फोटित, एका मुलीची आई व कलादालनाची मालकीण आहे, नायक वीस वर्षांचा लोकप्रिय गायक. दोघांच्या प्रेमाचा बोभाटा होताच चाहत्यांचा सारा रोष तिच्यावर येतो, मुलीला त्याची झळ लागते आणि अखेर ती स्वतःच संबंध तोडते. २०२४ साली या कथेवर चित्रपट निघाला. त्यात नायकाचे वय चोवीस करण्यात आले आणि शेवटी पुनर्भेटीची आशा ठेवण्यात आली. धाडसी विषय विकायचा, पण त्याची धार बोथट करून, हा बाजाराचा जुनाच नियम होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक साधा प्रश्न पडावा: या प्रेमाची किंमत कोणी मोजली? निर्णय दोघांचा, पण भुर्दंड मुख्यतः एकीला. नायक चाळीस वर्षांचा व नायिका विशीतली असती, तर एवढा गहजब खचितच झाला नसता.

आपला कायदाही या समजुतीपासून मुक्त नाही. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा ठरविले; १९७८च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. आकडे बदलले, पण नवरा वडीलच असणार हे गृहीत सुटले नाही. विधी आयोगाने २०१८ साली या भेदाला कायदेशीर आधार नसल्याचे सांगून दोघांसाठी अठरा हेच वय सुचविले. २०२१ साली दोघांसाठी एकवीस करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. लोकसभेची मुदत संपताच २०२४ साली तेही बाद झाले.

वास्तविक याचे उदाहरण शोधण्यास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले यांनी १९८० साली राहुलदेव बर्मन यांच्याशी विवाह केला. बर्मन यांचा जन्म १९३९ सालचा, म्हणजे सहा वर्षांनी धाकटे. ‘इजाजत’मधील गीतासाठी आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचे संगीत बर्मन यांचेच होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आशाबाई विवाहापूर्वीच स्वतःच्या गळ्यावर उभ्या होत्या. कादंबरीतील नायिकाही स्वतःच्या मिळकतीवर जगते. निवडीचे स्वातंत्र्य हे बहुधा मिळकतीच्या स्वातंत्र्यामागून येते.

कोणी म्हणेल, वीस वर्षांचा मुलगा आणि चाळिशीची स्त्री यांत समानता कसली? आक्षेप रास्त आहे. अनुभव, पैसा व प्रसिद्धी यांच्या बळावर एकाने दुसऱ्यावर दाब टाकला काय, हे विचारलेच पाहिजे. मात्र तो प्रश्न तितक्याच करडेपणाने वयस्क पुरुषालाही विचारला जावा. माप कडक असावे. पण ते एकच असावे.

आमच्या कोंढ्यासारख्या गावात ऐन पस्तिशीत विधवा झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला ‘आता मुलांकडे पाहा’ असा उपदेश होतो. त्याच वयाच्या विधुराला मात्र वर्षाच्या आत स्थळे सांगून येतात. कादंबरीवर नाक मुरडण्यापूर्वी आपण आपल्या घरातील हा हिशेब तपासावा, हे बरे.