बापाचा खेळ लेकीच्या पायात

फुटबॉलमध्ये गोल करणारीचे नाव गाजते. मधल्या फळीत बचाव आणि चढाई दोन्ही सांभाळणारीकडे लक्ष कमी जाते. मोरोक्कोची कर्णधार घिझलान शेब्बाक त्याच जागी खेळते. १९९० साली कासाब्लांकात जन्मलेल्या घिझलानचे वडील लारबी शेब्बाक हेही मोरोक्कोकडून खेळलेले. त्यांचा वारसा लेकीने चालवला. २०२२ च्या महिला आफ्रिका चषकात मोरोक्को अंतिम सामना हरला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू मात्र घिझलान ठरली.

२०२३ मध्ये मोरोक्को महिला विश्वचषकात उतरणारा पहिला अरब देश झाला. पहिल्याच सामन्यात जर्मनीने ६-० असे हरवले. संघ खचला नाही, कोरियाला १-० ने नमवले. कोलंबियाविरुद्ध घिझलानची पेनल्टी गोलरक्षिकेने अडवली, पण परतलेला चेंडू अनिसा लहमारीने जाळ्यात धाडला. तो सामनाही १-० असा जिंकून मोरोक्कोने बाद फेरी गाठली आणि जर्मनी घरी परतली! सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे यातून कळते.

याच संघातील नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. म्हणजे हया आणि मैदान यांत वैर नाही.

आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो : आठवीत गेली की मुलीचे खेळणे सुटते. अब्बांनी एकदा मैदानाच्या कडेला येऊन उभे राहावे. मुलीला तेवढा आधार पुष्कळ असतो.