घरचे कार्य आणि घरचे हात

लग्न ठरले की खर्चाचा कागद पुढे येतो आणि अलीकडे त्यावर ‘हे घरीच करू’ अशी नोंद वारंवार दिसते. पत्रिका, मुंडावळ्या, फुलांची सजावट, आहेराच्या पिशव्या हे सारे स्वहस्ते करण्याची हौस नव्या पिढीत वाढत आहे. ही हौस स्तुत्य आहे आणि आपल्याला नवखीही नाही. अक्कलकोट परिसरात पूर्वी शेजारणी जमून लग्नाच्या शेवया, सांडगे, पापड करीत. मांडव भाऊबंद घालीत. रुखवत मावश्या-आत्या सजवीत.

मात्र त्या व्यवस्थेचे खरे भांडवल होते माणसांचे हात. आज कुटुंबे लहान झाली आहेत. मुले पुण्या-हैदराबादला नोकरीस असतात आणि लग्नाच्या दोन दिवस आधी येतात. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही परतफेड कोण आणि कशातून करणार, हे प्रथम पाहत असू. ‘घरी करू’ या प्रस्तावालाही तोच निकष लावावा. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : काम आधी पूर्ण करून ठेवता येईल का? रुखवताच्या वस्तू, मण्यांच्या मुंडावळ्या, अंतरपाटावरचे भरतकाम महिनाभर आधी करून पेटीत ठेवता येते. ही कामे अवश्य घरी करावीत. ताज्या फुलांचे तसे नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. आदल्या सायंकाळी गुंफलेले हार मुहूर्तापर्यंत माना टाकतात. ते फुलाऱ्याकडेच सोपवावेत.

दुसरा प्रश्न : वेळेचा हिशेब केला आहे का? एका पत्रिकेस दहा मिनिटे लागली, तर ३०० पत्रिकांना ५० तास लागतील. रोज दोन तास बसणाऱ्या एकट्या व्यक्तीचे ते २५ दिवस झाले. चौघे बसले, तर आठवड्यात काम उरकेल. म्हणून प्रथम पाच पत्रिका घड्याळ लावून कराव्यात, वाया जाणारा कागद किमतीत धरावा आणि मगच छापखान्याच्या दराशी तुलना करावी. वडीलधाऱ्यांसाठी ५० पत्रिका हाताने करून उरलेल्या छापून घेणे, हाही मध्यममार्ग आहे.

तिसरा प्रश्न : बिघडले तर पर्याय काय? आहेर कमी पडला, तर चादरी-टॉवेल सोलापुराहून त्याच दिवशी आणता येतात. पाचशे पानांचा स्वयंपाक फसला, तर मात्र इलाज नाही. स्वयंपाक अनुभवी आचाऱ्याकडेच द्यावा. पण कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेले, पंगत सूर्यास्तापूर्वी, या अटी आधी लिहून द्याव्यात आणि त्यांवर लक्ष ठेवण्यास घरचा एक माणूस नेमावा. ती जबाबदारी मात्र बाहेर देता येत नाही.

‘घरी करू’ आणि ‘विकत आणू’ यांखेरीज ‘नकोच’ हा तिसरा पर्यायही आहे. डिसेंबर १८७३ मध्ये पहिला सत्यशोधक विवाह पुरोहित आणि हुंडा यांवाचून, अल्प खर्चात पार पडला. सावित्रीबाई फुले यांनी त्यात पुढाकार घेतला होता. अपरिग्रह हे व्रत मानणाऱ्या आपल्या समाजाला तर काय गाळावे, हे ठरवणे अधिक सोपे जावे.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘घरी करू’ असे म्हणणारे अनेक असतात; रात्री जागून ते पुरे करणारी बहुधा आई, काकू किंवा मोठी वहिनी असते. म्हणून निर्णयाआधी तिला विचारावे आणि तिने ‘नको’ म्हटले, तर ते निमूटपणे मानावे. लग्नापूर्वीचे शेवटचे दोन दिवस तिच्याकडे कोणतेही हस्तकाम उरू नये. मंगलाष्टके सुरू होतील तेव्हा वधूची आई कोठीघरात पिशव्या मोजत नसावी. तिच्या हातात अक्षता असाव्यात आणि ती मांडवात लेकीजवळ उभी असावी.