पाळीव सशाची अवलाद कशी ओळखावी

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती व घोडे यांच्या लक्षणांची चर्चा करणारी जुनी सचित्र हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. जनावराची ठेवण, वर्ण व चाल पाहून त्याची पारख करावी, ही त्या शास्त्रकारांची रीत. समजा, त्याच नगरातील एखाद्या मराठी घरी शेजाऱ्यांनी गाव सोडताना आपला पांढरा ससा दिला. मुलांचा पहिला प्रश्न असा की, हा कोणत्या अवलादीचा? आईबापांची नोंद कोणापाशीच नाही. अशा वेळी लक्षणांकडेच वळावे लागते. मात्र बोलकी लक्षणे कोणती व फसवी कोणती, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

प्रथम हा पाळीव ससाच आहे, याची खात्री करावी. मराठीत 'ससा' व तमिळमध्ये 'मुयल' हा शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानावरचा ससा हा 'लेपस' वंशातला. दक्षिणेकडील रानसशाच्या मानेवर काळा डाग असतो, कान लांब असतात आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या देशांतले. त्याची पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४. शेतात सापडलेले केसाळ पिल्लू रानसशाचे असण्याचाच संभव अधिक, व ते घरी आणू नये. त्याची आई त्याला दिवसभर एकटे ठेवून संध्याकाळी पाजावयास येते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये रानससा पाळता येत नाही.

आता वजन पाहू. ससा पूर्ण वाढलेला, म्हणजे सहा महिन्यांहून मोठा असेल, तरच या लक्षणाला अर्थ. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू कोणत्याही अवलादीचे असले तरी बहुधा एक किलोच्या आतच भरते. म्हणूनच 'ठेंगणा' म्हणून विकत घेतलेला ससा दिवाळीपर्यंत चार किलोंचा झाल्याचे पाहून कित्येक कुटुंबे चकित होतात. खरी ठेंगणी अवलाद, उदाहरणार्थ नेदरलंड ड्वार्फ, वाढूनही किलोभराचीच राहते. तिचे कान आखूड आणि डोके वाटोळे असते. याउलट चार ते पाच किलो वजनाचा, गुलाबी डोळ्यांचा, शुभ्र ससा न्यूझीलंड व्हाइट किंवा व्हाइट जायंट या अवलादींकडे बोट दाखवितो. (पहिलीच्या नावावर जाऊ नये, ती अमेरिकेत तयार झाली.) तमिळनाडूत मांससशांची पैदास होते, आणि कोडैकानलजवळच्या मन्नवनूर येथील केंद्रात व्हाइट जायंट व सोव्हिएट चिंचिला पाळले जातात. तेव्हा या भागातील पाळीव सशात अशा अवलादींचे रक्त असणे अगदी स्वाभाविक होय. चिंचिलाची ओळख सोपी आहे. पाठीवरच्या केसांवर हळूच फुंकर घालावी. मुळाशी गडद करडा, मध्ये मोतिया व टोकाशी काळा, अशी वलये उलगडतात.

खरी फसवणूक पांढऱ्या रंगात आहे. गुलाबी डोळ्यांच्या पांढऱ्या सशात रंगद्रव्य बनविण्याची क्रियाच बंद पडलेली असते. त्यामुळे त्याच्या अंगी काळ्या, करड्या किंवा तपकिरी रंगाचे गुण असले तरी ते दिसत नाहीत. पांढरा रंग हे एक पांघरूण आहे. आत काय आहे ते त्यावरून कळत नाही.

याहूनही नवलाची गोष्ट कॅलिफोर्नियन सशाची. त्याचे अंग पांढरे, पण नाक, कान, पाय व शेपूट काळी. या सशात रंगद्रव्य घडविणारे विकर उष्णतेने निकामी होते. धड उबदार असल्याने तेथे केस पांढरेच येतात; कानासारख्या थंड टोकांवर मात्र ते काळे उगवतात. याच गुणाच्या हिमालयन सशाच्या पाठीवरील केस काढून तेथे बर्फाची पिशवी बांधली, तर त्या जागी काळे केस येतात, हे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. आता हाच ससा कोडैकानलच्या थंडीतून तंजावूरच्या उन्हाळ्यात आणला तर काय होईल? जुने केस गळून नवे येतील, तसे त्याचे काळे कान फिके पडू लागतील. पाहणारा म्हणेल, हा संकरित दिसतो! फिक्या कानांना दोन कारणे संभवतात: हवा अथवा मिश्र पितृत्व. न्यूझीलंड व्हाइटशी संकर झाल्यासही टोके फिकीच येतात. म्हणून एकदा पाहून निर्णय देऊ नये. ससा घरी आला त्या दिवशी एका वहीत तारीख, वजन, कानाची लांबी व टोकांचा रंग लिहावा, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत केस पालटल्यावर पुन्हा पाहावे. टोके गडद झाली तर पूर्वीचा फिकेपणा हवेचा होता, असे समजावे.

इतके करूनही उत्तर बहुधा 'अमुक अवलादीसारखा, मिश्र' एवढेच मिळेल, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. नोंदीवाचून शुद्धतेचा दाखला कोणी देऊ नये.

मग एवढी यातायात कशासाठी? सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांच्या रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. लहान कानांचा ठेंगणा ससा, थोराड ससा आणि लोकरी अंगोरा, हे तिघेही उन्हाने लवकर कासावीस होतात. पंधरा ते वीस अंशांची हवा त्यांना मानवते, तर तंजावूरात वैशाखात पारा पस्तिसाच्या वर सहज जातो. दाट लोकर दिसताच अवलादीचे नाव कळेपर्यंत थांबू नये. लोकर कातरून घ्यावी, पिंजरा सावलीत व वाऱ्यावर ठेवावा, आणि त्यावर ओले गोणपाट सोडावे. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला, तर त्याचे कान ओल्या फडक्याने थंड करावेत व तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.