दोघांसाठी एक दिवस : दापोलीच्या मुरुडला

देवदर्शन, लग्नकार्य, दवाखाना आणि बाजार सोडून तुम्ही दोघं शेवटचे एकत्र कुठं गेला होता, ते जरा आठवून पाहा. पिकांच्या बैठकीत मी कधीकधी मुद्दाम हे विचारतो. पुरुष हसतात, बाया पदर तोंडाला लावतात आणि उत्तर येतं, 'आम्हाला कुठला वेळ!' बैलाची आपण पोळ्याला खांदेमळणी करतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. घरच्या कारभारणीला असा एक दिवस आहे का?

रब्बीला पहिलं पाणी देऊन झालं की तो काढा. धारा काढायला भावजयीला किंवा शेजारणीला सांगा. तिच्या वेळेला तुम्ही तिच्या म्हशी सांभाळा. जायचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडला. जंजिऱ्याजवळचं मुरुड ते वेगळं. हे दापोलीपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. कोकण रेल्वेनं खेडला उतरलात तर तिथून दापोली तीसेक किलोमीटर. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब फार चालायची नाही. मुक्कामाला मोठं हॉटेल शोधू नका. गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणारी घरं आहेत, तिथं उतरा.

वहिनी, आता तुम्हाला सांगतो. सकाळी त्या घरची बाई मऊ भात, मेतकूट, तूप असं ताट पुढं आणील. तुमचा हात आपोआप जमिनीला टेकेल, उठून तिला मदत करावी म्हणून. उठू नका. आयतं, गरम आणि मालकांच्या पंक्तीला बसून जेवायचं, एवढंच त्या दिवशीचं काम. दुपारी सोलकढी मिळाली तर दुसरी वाटी मागून घ्या. मालकांनीही 'आमच्याकडं भाकरी अशी असते' हे पुराण लावू नये.

समुद्रावर जाण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, अनवाणी लांबवर चालता येतं. पाण्यात मात्र घोट्या-पोटरीपर्यंतच. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्र कळतोच असं नाही, आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं.

उन्हाच्या वेळेला वाडीत बसा. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल. एकाच जमिनीत तीन मजले. माझ्यासारख्या कृषी खात्याच्या माणसाचा हात लगेच टिपणवहीकडं जातो, पण तुम्ही वही घरीच ठेवा. वाडीवाल्याशी दोन शब्द बोला मात्र. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आपली बाजरी गेली तर पुढच्या हंगामाची आशा असते. पोफळ नवी लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, माडाला त्याहून अधिक. तरी त्या लोकांनी पुन्हा लावणी केली. गारपीट पाहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

हे गाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावानं त्या जोडप्याला वाळीत टाकलं होतं. पुढं १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळालं. गावात नवरा-बायको बरोबरीनं फिरताना आपल्याकडं कोण बघतंय असं वाटलं, तर त्या दोघांची आठवण करा आणि पुढं चाला.

संध्याकाळी चार-पाच किलोमीटरवरच्या हर्णै बंदरावर जा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या शिवकालीन किल्ल्यांत तोही आहे. काठावर मासळीचा लिलाव चालतो. किनारा उथळ, म्हणून होड्यांतली मासळी बैलगाड्यांतून बाहेर आणण्याची इथं रीत आहे. खाऱ्या पाण्यात शांतपणे उभा राहणारा बैल पाहून मालक तिथंच खिळतील. वहिनी, घाई करू नका, बघू द्या त्यांना. तोवर तुम्ही कोळणींचा भाव ऐका. आपल्या बाजारसमितीतल्या दलालालाही त्या घाम फोडतील.

निघताना घरच्यांसाठी आमसुलं घ्या. ओली मासळी एस.टी.त नेण्याचा मोह नको. सुकी न्यायची असली तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर घाट चढायच्या आतच शेजारचे प्रवासी जागा बदलून बसतील.